सुपरमार्केटला एचएफसी गॅस बंद करायला सांगायचं आहे, पत्रात नेमकं काय मागायचं?

पाणवठा

आम्ही काही ग्राहक मिळून एका किराणा सुपरमार्केट साखळीला पत्र देणार आहोत. विषय फ्रीजर आणि थंड शोकेसमधल्या एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) शीतक गॅसचा. मसुदा तयार आहे, पण फार गुळमुळीत झालाय: "कृपया पर्यावरणपूरक शीतक वापरावे." यावर "आम्ही पर्यावरणपूरक गॅसच वापरतो" असं एका ओळीचं उत्तर येईल आणि विषय तिथेच संपेल. ओझोनला धक्का लावत नाही एवढ्याच आधारावर आर-४०४ए सारखा गॅससुद्धा "पर्यावरणपूरक" म्हणून खपवला जातो. त्याची तापमानवाढ क्षमता, म्हणजे जीडब्ल्यूपी (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट), ३९२२ आहे हे कुणी सांगत नाही.

म्हणून जाणकारांना चार प्रश्न:

१. दुकानात कोणता गॅस आहे हे ग्राहकाला कसं ओळखता येईल?
२. मागणी कोणत्या आकड्यात मांडली की टाळाटाळ करता येणार नाही?
३. आर-४०४ए काढून त्याहून कमी जीडब्ल्यूपीचा आर-४४९ए भरला, तर मागणी मान्य झाली असं धरायचं का?
४. पर्यायी गॅस म्हणून कार्बन डायऑक्साइड आणि प्रोपेन सुचवले, की "कार्बन डायऑक्साइडची यंत्रं गरम हवेत चालत नाहीत आणि प्रोपेन पेट घेतो" हे दोन आक्षेप येणारच. त्यांना काय उत्तर द्यायचं?

---

मोजमाप

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पत्राचा कणा तोच आहे.

एकच आकडा मागा: गेल्या बारा महिन्यांत तुमच्या दुकानांत मिळून किती किलो गॅस पुन्हा भरला?

शीतकरण यंत्रात गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तो फिरत राहतो. यंत्र धड असेल तर पहिल्या दिवशी भरलेला गॅस शेवटच्या दिवशीही तेवढाच निघायला हवा. म्हणजे "टॉप-अप" म्हणून भरलेला प्रत्येक किलो हा आधी हवेत गेलेला किलो असतो. हा आकडा शोधायला कुठलीही तपासणी करावी लागत नाही. देखभालीच्या ठेकेदाराच्या बिलांत तो असतोच, लेखा विभागाला फक्त बेरीज करायची आहे. "आमच्याकडे नोंद नाही" असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच. ते लेखी घ्या.

हिशेब कसा होतो ते बघा. समजा दुकानातल्या यंत्रणेत ३०० किलो आर-४०४ए आहे आणि वर्षाला २० टक्के गळतो. म्हणजे ६० किलो. ६० गुणिले ३९२२, म्हणजे सुमारे २३५ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. एका दुकानाचा, एका वर्षाचा. २० टक्के हा आकडा फुगवलेला वाटेल, पण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ग्रीनचिल कार्यक्रमात सर्वसाधारण सुपरमार्केटची वार्षिक गळती २५ टक्क्यांच्या आसपास धरली आहे.

आणि ३९२२ हा शंभर वर्षांच्या हिशेबाचा आकडा आहे. याच गॅसचा वीस वर्षांचा आकडा ६००० च्या आसपास जातो, कारण त्याचे घटक हवेत काही दशकंच टिकतात आणि जो काही तडाखा द्यायचा तो सुरुवातीलाच देतात. पत्रात मात्र शंभर वर्षांचाच आकडा ठेवा. एचएफसी घटवण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली करारात तोच वापरला आहे, त्यामुळे समोरच्याला वाद घालायला जागा राहत नाही.

---

थंडयंत्र

पहिल्या प्रश्नाबद्दल.

शोकेसच्या खालच्या जाळीजवळ हात धरा. कोमट हवा येत असेल आणि कॉम्प्रेसरची घरघर जाणवत असेल, तर तो स्वतंत्र, प्लगवर चालणारा शोकेस. त्याची नेमप्लेट आतल्या बाजूच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीत किंवा पाठीमागे असते. त्यावर गॅसचं नाव आणि वजन दोन्ही छापलेलं असतं, उदाहरणार्थ "आर-२९०, ०.१२० किग्रॅ" किंवा "आर-१३४ए, ०.३५० किग्रॅ". आर-२९० म्हणजे प्रोपेन आणि आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. दोन्हींचा जीडब्ल्यूपी एक अंकी. अशा यंत्रावर ज्वाळेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोणही असतो. आर-१३४ए (१४३०), आर-४०४ए (३९२२) किंवा आर-५०७ए (३९८५) दिसला तर टिपून घ्या.

भिंतीला लागून ओळीने उभे असलेले लांबलचक शोकेस, ज्यांच्यातून कॉम्प्रेसरचा आवाजच येत नाही, ते मागच्या खोलीतल्या किंवा छतावरच्या रॅकला जोडलेले असतात. एका रॅकवर चार-सहा कॉम्प्रेसर आणि तिथून दुकानभर गेलेल्या शेकडो मीटर नळ्या. गळतीचा मोठा वाटा इथलाच. रॅकची पाटी ग्राहकाला दिसत नाही, तिची माहिती पत्रातूनच मागावी लागेल.

गळती कुठे होते हेही तुम्हाला माहीत असू द्या, म्हणजे "आमची यंत्रणा सीलबंद आहे" या वाक्याने गप्प बसावं लागणार नाही:

- सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोप्या परत बसवलेल्या नसतात. आतली श्रेडर पिन एकटी गॅस धरून ठेवू शकत नाही, खरं सील टोपीचंच असतं.
- नळ्या जोडणारा फ्लेअर नट. डीफ्रॉस्टमध्ये, म्हणजे साचलेला बर्फ वितळवताना, नळी तापते, मग गार होते. रोज असं होऊन नट सैल पडतो.
- प्रेशर स्विचकडे जाणारी बारीक केशनळी कंपनाने शेजारच्या नळीवर घासते आणि महिन्यागणिक झिजत शेवटी भोक पडतं.
- शोकेसमधलं इव्हॅपोरेटर कॉइल, म्हणजे थंडावा देणारी नळ्यांची जाळी. सांडलेले खाद्यपदार्थ आणि धुण्याची आम्लयुक्त रसायनं यांनी तांबं आतपर्यंत खाल्लं जातं.

यापेक्षा घातक गोष्ट म्हणजे रिसीव्हर. रॅकमध्ये जास्तीचा द्रव साठवायची ही टाकी. गळती सुरू झाली तरी आधी टाकीतला साठा उतरतो आणि शोकेस व्यवस्थित थंड राहतात. टाकी तळाला लागली की मग द्रव नळीच्या साइट ग्लासमध्ये बुडबुडे दिसतात, अलार्म वाजतो आणि मेकॅनिकला फोन जातो. तोवर बराच गॅस निघून गेलेला असतो. मग घाईत गॅस भरला जातो, भोक तसंच राहतं आणि तीन महिन्यांनी परत तेच. म्हणून दर आठवड्याला रिसीव्हरची पातळी वहीत नोंदवणे ही सर्वांत स्वस्त गळती-तपासणी आहे. नोंद दिवसाच्या एकाच वेळी घ्यावी आणि बाहेरचं तापमानही सोबत लिहावं. थंडीत कंडेन्सरमध्ये द्रव साठतो, त्यामुळे गळती नसतानाही पातळी उतरलेली दिसते.

गळती शोधताना कोरडा नायट्रोजन वापरायचा, नाहीतर ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के हायड्रोजन हे तयार मिश्रण आणि त्याचं डिटेक्टर. सांध्यावर साबणाचा फेस लावून खात्री करायची. दाब देण्यासाठी ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही, तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो.

---

रॅकवाला

चौथ्या प्रश्नातला पहिला आक्षेप माझ्याकडे.

"गरम हवेत चालत नाही" हे अर्धवट खरं आहे. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार. बाहेरची हवा तेवढी तापली की कंडेन्सरमध्ये तो द्रव होत नाही, दाट वायूच राहतो. तेव्हा कंडेन्सरचं काम गॅस कूलर करतो, दाब ९०-१०० बारपर्यंत ठेवावा लागतो, आणि पुढे दाब उतरवताना बराच भाग वाफ होतो. त्या वाफेने थंडावा मिळत नाही, पण ती पुन्हा दाबायला वीज लागते. साध्या बूस्टर यंत्रणेचं बिल गरम हवेत वाढतं ते यामुळे.

यावर उपाय आहेत आणि ते बाजारात मिळतात. समांतर कॉम्प्रेसर ही वाफ कमी दाबापर्यंत खाली न नेता मधल्या दाबावरूनच उचलतो. इजेक्टर उच्च दाबाच्या वायूच्या झोताची ताकद वापरून कमी दाबाचा वायू ओढतो, म्हणजे जी ऊर्जा व्हॉल्व्हमध्ये वाया जायची ती कामी येते. ॲडियाबॅटिक गॅस कूलरमध्ये ओल्या पॅडमधून हवा घेतात, कोरड्या हवेत याचा फायदा सर्वांत जास्त. यातलं काय घ्यायचं ते हवामानावर ठरतं. तेव्हा दुकान "चालत नाही" म्हणालं तर विचारा: यांपैकी कोणता पर्याय धरून वर्षभराच्या विजेचा हिशेब केला? नुसत्या सर्वांत तापलेल्या दिवसाचा आकडा दाखवला तर मानू नका. गॅस कूलरमधून निघणाऱ्या उष्णतेवर धुण्याचं पाणी तापतं, तेही त्या हिशेबात यायला हवं.

एक मात्र पत्रात चुकूनही लिहू नका: "जुन्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड भरा." आर-४०४ए ची उच्च बाजू १८-२० बारवर चालते. त्या नळ्या, ते कॉइल, ते कॉम्प्रेसर ९० बारला टिकणारच नाहीत. रॅक, शोकेसची कॉइल, नळ्या, सगळंच नवं लागतं. उच्च बाजूला स्टेनलेस स्टील किंवा तांबं-लोह मिश्रधातूची जाड नळी. म्हणून ही मागणी नव्या दुकानाला आणि मोठ्या नूतनीकरणाला जोडायची. त्या वेळी छत, फरशी, शोकेस सगळं उघडलेलंच असतं.

गडबड कुठे होते तेही सांगतो, कारण पहिला प्रयोग फसला की साखळी दहा वर्षं पुन्हा नाव काढत नाही.

वीज गेली आणि यंत्रणा थांबली की आतला द्रव हळूहळू दुकानाच्या तापमानाला येतो. २५ अंशांना त्याचा दाब ६४ बार होतो. कमी दाबाची बाजू तेवढ्या दाबासाठी बनवलेली नसेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतात आणि भरलेला गॅस बाहेर जातो. हवामानाला त्याने फारसा फरक पडत नाही, पण दुकान बंद पडतं. उपाय म्हणजे रिसीव्हर थंड ठेवणारं एक छोटं यंत्र जनरेटरवर जोडून ठेवायचं.

दुसरी चूक भरतानाची. व्हॅक्यूम मारलेल्या यंत्रणेत थेट द्रव सोडला तर ५.२ बारच्या खाली त्याचा कोरडा बर्फ होतो आणि नळ्या तुंबतात. आधी वाफ सोडून दाब १० बारपर्यंत न्यायचा, मगच द्रव.

तिसरी गोष्ट माणसांच्या जिवाची. हा वायू हवेपेक्षा जड आहे, त्याला वास नाही. यंत्रखोलीत आणि शीतगृहात जमिनीलगत सेन्सर हवेत, ५००० पीपीएमला पहिला अलार्म, आणि दाराबाहेरही दिसेल असा दिवा.

---

थंडयंत्र

+१, आणि एक क्रम यात जोडा: आधी शोकेसना काचेची दारं, मग रॅकची निवड. उभ्या उघड्या शोकेसवरचा सुमारे ७० टक्के भार नुसत्या आत शिरणाऱ्या दुकानातल्या हवेचा असतो. दारं लावली की भार एवढा उतरतो की नवा रॅक लहान चालतो. क्रम उलटा झाला तर मोठा रॅक घेऊन ठेवलेला असतो आणि नंतर दारं लावली की कॉम्प्रेसर सारखे चालू-बंद होऊ लागतात.

आता प्रोपेन. तो ज्वलनशील आहेच, ते नाकारू नका. पण प्रमाण बघा. स्वतंत्र शोकेससाठी आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक शीतक परिपथामागे १५० ग्रॅमची मर्यादा होती, ती २०१९ मध्ये सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत वाढवली. ही मर्यादा प्रोपेन हवेत पेटण्याच्या किमान प्रमाणावरून काढलेली आहे. त्यासाठी बनवलेल्या यंत्रात रिले, थर्मोस्टॅट, दाराचा स्विच हे ठिणगी न उडणारे असतात आणि डीफ्रॉस्ट हीटरच्या पृष्ठभागाचं तापमान प्रोपेनच्या स्वयंज्वलन बिंदूपेक्षा बरंच खाली राखलेलं असतं.

धोका खरा होतो तो आर-१३४ए किंवा आर-४०४ए च्या जुन्या शोकेसमध्ये कुणी प्रोपेन भरतो तेव्हा. थंडावा उत्तम मिळतो, म्हणून मोह होतो. पण आतला साधा थर्मोस्टॅट दर वेळी ठिणगी टाकतो. पत्रात एक स्पष्ट वाक्य हवंच: प्रोपेन फक्त त्यासाठी बनवलेल्या नव्या यंत्रातच. दुरुस्तीही त्यासाठी शिकलेल्या माणसाकडून, हवेशीर जागी, गॅस आधी काढून नायट्रोजन फिरवल्यावर. ब्रेझिंगऐवजी दाबून बसवायचे सांधे वापरले तर ज्योतीचा प्रश्नच उरत नाही. आणि गॅस काट्यावर वजन करून भरायचा. १२० ग्रॅमच्या यंत्रात "अंदाजाने" चालत नाही.

---

दुवा

प्रश्न ३ कडे कुणी वळलं नाही. माझं मत: आर-४४९ए ला सरसकट नाही म्हणू नका.

चालू रॅकला अजून सात-आठ वर्षं आयुष्य असेल तर तो उखडून टाकायला साखळी तयार होणार नाही. तेवढी वर्षं ३९२२ चा गॅस गळत राहण्यापेक्षा १३९७ चा गळलेला बरा. ६० किलोच्या गळतीला २३५ टनांऐवजी ८४ टन. कॉम्प्रेसरमधलं पॉलिओल एस्टर तेल तेच चालतं, कॉम्प्रेसर सहसा तेच राहतात. काम असं:

आधी सगळ्या शोकेसची तापमानं, दाब आणि सुपरहीट (कॉइलमधून निघणारी वाफ उकळण्याच्या तापमानापेक्षा किती अंश गरम आहे ते) लिहून घ्यायचे. गळती शोधून बंद करायची, गॅस बदलण्याच्या आधी. जुना गॅस मशीनने सिलिंडरमध्ये काढून वजन नोंदवायचं. फिल्टर ड्रायर, श्रेडर पिना, सगळे रबरी सील बदलायचे. ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम मारून पंप बंद करून थांबायचं, काटा वर चढतोय का बघायचं. मग नवा गॅस द्रवरूपातच भरायचा. हे चार घटकांचं मिश्रण आहे. वाफ भरली तर आधी उडणारे घटक जास्त जातात आणि सिलिंडरमध्ये उरतं ते वेगळंच मिश्रण. सुपरहीट नव्याने लावायचं, तेसुद्धा तक्त्यातल्या ड्यू पॉइंटच्या (मिश्रणाचा शेवटचा थेंब वाफ होतो त्या तापमानाच्या) रकान्यावरून. सगळ्यात शेवटी पाटी बदलायची. पाटी राहिली की पुढचा मेकॅनिक जुनाच गॅस त्यात भरतो.

फ्रीजरच्या बाजूला डिस्चार्जचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं, तापमान आर-४०४ए पेक्षा वाढतं. तिथे कॉम्प्रेसरच्या डोक्यावर पंखा किंवा द्रव-इंजेक्शन लागतं का ते उत्पादकाच्या मर्यादेवरून बघावं.

---

मोजमाप

दुवा, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्याचा उपयोग कसा होतो त्याची काळजी वाटते. "गॅस बदलला" अशी बातमी येते आणि नूतनीकरणातही तोच १३९७ वाला गॅस नव्या रॅकमध्ये भरला जातो, पुढच्या पंधरा वर्षांसाठी. त्यात साधारण पाव हिस्सा आर-१२३४वायएफ असतो. त्याचा जीडब्ल्यूपी नगण्य, पण हवेत त्याचं ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल होतं आणि पावसातून पाण्यात येतं. नेहमीच्या जलशुद्धीकरणात ते निघत नाही. म्हणून हा गॅस फक्त चालू यंत्रात, फक्त गळती बंद केल्यावर, आणि यंत्र कोणत्या वर्षी मोडीत काढणार ते लेखी दिलं असेल तरच. नव्या यंत्रात तो नको.

साखळीला पटण्यासारखा मुद्दा पुरवठ्याचा आहे. २०१६ चा किगाली करार १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे. विकसित देशांना २०३६ पर्यंत एचएफसीचा वापर ८५ टक्क्यांनी, तर विकसनशील देशांना गटानुसार २०४५ किंवा २०४७ पर्यंत ८० ते ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. ही कपात जीडब्ल्यूपीने गुणून मोजली जाते, त्यामुळे ३९२२ चा गॅस कोट्यातला सर्वांत जास्त वाटा खातो आणि सर्वांत आधी दुर्मीळ होतो. युरोपात २०२२ पासून ४० किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या नव्या केंद्रीय रॅकना १५० जीडब्ल्यूपीची मर्यादा आहे, कॅस्केडच्या (एकमेकांना जोडलेल्या दोन परिपथांच्या यंत्रणेच्या) पहिल्या परिपथापुरती १५०० ची सूट. आज एचएफसीचा नवा रॅक घेणं म्हणजे ज्याचा गॅस पुढे मिळेनासा होणार असं यंत्र घेणं.

---

पाणवठा

सगळ्यांचे आभार. मागण्या नव्याने अशा लिहिल्या आहेत, चूक असेल तर सांगा:

१. प्रत्येक दुकानातला गॅस, एकूण भरलेले किलो आणि गेल्या बारा महिन्यांत पुन्हा भरलेले किलो ९० दिवसांत जाहीर करावेत, पुढे दर वर्षी.

२. नवं दुकान आणि मोठं नूतनीकरण यांत १५० पेक्षा जास्त जीडब्ल्यूपीचा गॅस नको. केंद्रीय यंत्रणा कार्बन डायऑक्साइडवर, स्वतंत्र शोकेस त्यासाठी बनवलेल्या प्रोपेनच्या.

३. चालू यंत्रणांची वार्षिक गळती दोन वर्षांत १० टक्क्यांखाली. गळती दुरुस्त केल्याशिवाय गॅस भरू नये, दुरुस्तीनंतर महिन्याभरात तीच जागा पुन्हा तपासावी. रिसीव्हरच्या पातळीची साप्ताहिक नोंद.

४. चालू यंत्रात आर-४४९ए सारखा मधला गॅस भरल्यास यंत्र मोडीत काढण्याचं वर्ष सोबत जाहीर करावं.

---

रॅकवाला

चांगलं झालंय. पाचवी मागणी राहिली: यंत्र मोडीत निघताना गॅस कुठे जातो?

३०० किलो आर-४०४ए ची यंत्रणा उखडताना नळी कापून गॅस सोडून दिला, तर एका दुपारी ११७७ टनांइतका परिणाम. वरच्या हिशेबातली पाच वर्षांची गळती. तुमच्या पत्रामुळे रॅक बदलले आणि जुना गॅस हवेत गेला, असं व्हायला नको.

म्हणून लिहा: "काढलेल्या गॅसचं सिलिंडरनिहाय वजन, यंत्रणेत नोंदलेल्या वजनाशी ताळा करून, पावतीसह जाहीर करावं." ठेकेदाराच्या करारात गॅस काढण्याचे वेगळे तास आणि वेगळा मोबदला असावा, हेही घाला. तो नसला की घाईत नळी कापली जाते. सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही. आणि एका सिलिंडरमध्ये दोन प्रकारचे गॅस एकत्र करायचे नाहीत. असं मिश्रण झालं की शुद्धीकरण केंद्र बहुधा ते घेत नाही, मग ते नष्ट करावं लागतं, किंवा सिलिंडर कुठेतरी कोपऱ्यात गंजत पडतो.

---

पाणवठा

पाचवी मागणी घातली. तिसऱ्या मुद्द्यात "सर्व सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोप्या बसवलेल्या आहेत का याची पुढच्या सर्व्हिसला तपासणी" हेही जोडलं आहे, कारण त्याला परवानगी किंवा अंदाजपत्रक लागत नाही. उत्तर आलं की किलोचे आकडे याच धाग्यावर टाकते. ताळा करायला मोजमाप आणि रॅकवाला, तुम्ही लागाल.